फ्लॅश तेवढा नको!

"फ्लॅश तेवढा मारू नका, बाकी काय हवं ते करा," पाळकसाहेब अत्यंत प्रेमाने म्हणाले. पोहायला निघालेल्याला 'पाण्यात तेवढं उतरू नका' म्हणावं, तसं.

लग्न मित्राच्या धाकट्या बहिणीचं. "घरचाच फोटोग्राफर आहे, बाहेरचा कशाला?" असं मावशींनी, म्हणजे त्याच्या आईने, परस्पर ठरवून टाकलेलं. पेठेतलं जुनं दगडी चर्च, महिना डिसेंबर, मुहूर्त पाचचा. माझी सगळी भिस्त रंगीत काचांच्या खिडक्यांवर होती. नवरी ब्यूटीपार्लरमधून पावणेसहाला आली. पुण्यात डिसेंबरमध्ये सूर्य सहाच्या सुमारास घरी जातो.

बांधणाऱ्यांना तरी काय बोलणार? क्वार्टर गेटजवळच्या सिटी चर्चला सवाई माधवरावांनी जागा दिली ती १७९२ मध्ये, कॅम्पातलं सेंट मेरीज १८२५ चं. छायाचित्रण जगापुढे आलं १८३९ साली. त्या काळातल्या माणसांना प्रार्थनेसाठी मंद उजेड हवा होता, आणि तो त्यांनी पक्का करून ठेवला.

तर, पन्नास मिलिमीटरची लेन्स लावली, अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्सचं उजेड आत घेणारं भोक, १.८ वर पूर्ण उघडलं, आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची संवेदनशीलता, ६४०० केला. फोटोत रवा सांडल्यासारखे दाणे येणार हे गृहीतच. पण १.८ ला फोकस इतका पातळ असतो, की नवरीची पापणी धारदार आली की अर्धं पाऊल मागे उभ्या नवरदेवाचं धुकं होतं. पुढे घरात कोणाचं चालणार, ते लेन्सने वेदीपुढेच ठरवून टाकलं.

त्यात नवरीची साडी पांढरीशुभ्र. कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या मीटरला पांढरं बघवत नाही, तो त्याचं करडं करतो. म्हणून एक्स्पोजर एक स्टॉप, म्हणजे दुप्पट, वाढवायचं. वाढवायला उजेड कुठून आणायचा? शटर जास्त वेळ उघडं ठेवून. म्हणजे सेकंदाच्या १/१२५ चं १/६०, आणि नवरीने मान वळवली की तिला दोन नाकं. डावीकडे जुना पिवळा बल्ब, उजवीकडे नवाकोरा पांढरा एलईडी. नवरदेवाच्या एका गालाची हळद उतरलेली, दुसऱ्याची नाही. रॉ, म्हणजे नंतर रंग सुधारता येणारी कच्ची फाइल असली तरी दोन उजेडांचं भांडण एका स्लायडरने मिटत नाही.

आवाज नको म्हणून सायलेंट शटर लावलं, तर सगळ्या वऱ्हाडावर आडवे पट्टे. आपली वीज पन्नास हर्ट्झची, त्यामुळे असे दिवे सेकंदाला शंभरदा लुकलुकतात. डोळ्याला कळत नाही, इलेक्ट्रॉनिक शटर मात्र चहाडी करतं. निमूट साध्या शटरवर आलो, १/१०० ला.

नेमकं तेव्हाच पाळकसाहेब म्हणाले, "या विवाहास कोणाची हरकत असेल, तर त्याने आताच बोलावं."

चर्चमध्ये टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता. आणि माझं, "खटॅक!"

सगळी मंडळी वळून माझ्याकडे बघायला लागली. नवरदेवाच्या आईने तर मला नखशिखांत न्याहाळलं. तिची खात्री पटेपर्यंत मी भिंतीवरचा वायरिंगचा पाइप अभ्यासला.

आणि ही फ्लॅशबंदी फक्त मला बरं का! आत्या, माम्या, करवल्या, सगळ्यांचे मोबाइल विजा चमकाव्यात तसे लखलखत होते. त्यांना कोण सांगणार?

नंतर हॉलमध्ये चहा फिरला. पंचहौद मिशनमध्ये, म्हणजे ख्रिस्ती मिशनऱ्यांकडे, १८९० साली घेतलेल्या चहापायी टिळक-रानड्यांना प्रायश्चित्त घ्यावं लागलं होतं, पण निदान चहा तरी झाला होता! मी 'आता फक्त मावसभाऊ' अशा ग्रुपफोटोंमध्ये अडकलेलो.

पुढच्या रविवारी लॅपटॉप घेऊन मावशींकडे गेलो. लेन्समधलं स्टॅबिलायझेशन माझा थरथरता हात धरतं, समोरच्याचा नाही, त्यामुळे आशीर्वाद देणाऱ्या पाळकसाहेबांचे हात गायब होते. अंगठी होती, बोट नव्हतं. मावशी एकेक फोटो पाहून 'हं' म्हणत होत्या. मग एका फोटोवर थांबल्या. नगरचे थोरले काका, उपदेश सुरू झाल्यापासून गाढ झोपलेले, जरा म्हणून हलले नव्हते. १/३० ला काढूनही मिशीचा केस न् केस मोजता येत होता.

"हा मात्र फार सुंदर आलाय," मावशी म्हणाल्या. "मोठा करून दे. आणि ते डोळे उघडता येतात का बघ."