संशोधनात ‘मी’ नको म्हणणाऱ्यांसाठी

आमच्या यवतमाळकडं सोयरिकीच्या बैठकीत पहिला प्रश्न ठरलेला: “पोरगा काय करते?” शेती म्हटलं की चहा यायच्या आत विषय संपतो. वावर पाहिजे, पण वावरात जाणारा जावई नको. दहा-बारा एकरवाला पस्तिशीतही बिनलग्नाचा, अन् पुण्यात कंपनीत ठेक्यावर लागलेल्याकडं स्थळं सांगून येतात.

यावरचं एक जुनं अन् भारी काम फ्रान्समधलं आहे. समाजशास्त्रज्ञ पिअर बोर्द्यू, जन्म 1930, नैऋत्य फ्रान्समधल्या बेआर्न भागातला. आजोबा बटईनं शेती करणारे, बाप पोस्टात. पोरगा वसतिगृहात राहून शिकला आणि पॅरिसच्या नामांकित ‘एकोल नॉर्माल’मध्ये पोचला. पुढं अल्जेरियातल्या शेतकऱ्यांचा अभ्यास केला, अन् मग थेट आपल्याच मुलखात परतला. 1962 मध्ये त्यानं लिहिलं ते तिथल्या बिनलग्नाच्या शेतकरी पोरांवर. नाताळचा नाच चाललाय, पोरी शहरी वळणाच्या पोरांसोबत नाचताहेत आणि जमिनीचे वारस असलेले थोरले कडेला उभे राहून नुसते बघताहेत. ज्या जमिनीवर घराण्याची पत होती, तीच आता लग्नाला नडत होती. पॅरिसात वाढलेल्या एखाद्या प्राध्यापकाला यात नाचच दिसला असता.

तरी बोर्द्यूची नजर त्या कडेच्या पोरांवरच जास्त रेंगाळली, असं मला वाटतं. माणूस समाजातल्या वर्गाच्या पायऱ्या चढला की नाही, याचं मोजमापही बरीच वर्षं बाप काय करायचा अन् मुलगा काय करतो, एवढ्यावरच चालायचं. इंग्लंड-वेल्समधला 1972 चा गाजलेला अभ्यास नुसत्या पुरुषांचा होता. आमच्या पोरी लग्न करून गाव सोडतात, ते या तक्त्यात कुठं मांडायचं?

म्हणूनच परवा एका सादरीकरणात माझं डोकं फिरलं. याच विषयावर माझ्याकडं संशोधन करणाऱ्या विद्यार्थिनीनं सुरुवातीलाच लिहिलं होतं, “शेती करणारी स्थळं मी स्वतः नाकारली आहेत. कापूस वेचून वेचून आईच्या बोटांचं काय होतं, ते मी पाहिलंय.” बाहेरून आलेले तज्ज्ञ म्हणाले, “स्वतःला आणू नका, तटस्थ राहा.” अहो, महिन्याच्या पगारावर बसून विचारलेला प्रश्न तेवढा तटस्थ, अन् तिचा मात्र पूर्वग्रह? उलट तिनं हे उघड सांगितलं म्हणून वाचणाऱ्याला तपासता येईल, की तिनं कुणाला काय विचारलं अन् काय टाळलं.

टाळलंय तर नक्कीच. तिचा थोरला भाऊ घरचं वावर करतो, त्याचं लग्न अजून जमलेलं नाही, अन् तिच्या मुलाखतींत नेमका तोच नाही. त्याच्याशी बोलल्याशिवाय मी मार्गदर्शक म्हणून प्रबंधावर सही करणार नाही, असं तिला सांगितलंय. पहिलं पान मात्र आहे तसंच राहील.