ते "रोज कपभर पाणी"वालं फॉरवर्ड परत आलंय

मोठ्या पानांची इनडोअर झाडं, म्हणजे मॉन्स्टेरा, पीस लिली वगैरे, मूळची जंगलातली म्हणून त्यांना रोज कपभर पाणी द्या, पानांवर दोनदा स्प्रे मारा, तेल लावून चमकवा, आणि शेवटी ते ठरलेलं, नासा म्हणते एक झाड खोलीची हवा शुद्ध करतं.

आधी पाणी, कारण निम्मी झाडं आपण त्यानेच मारतो. जंगलात धो धो पाऊस पडतो हे खरंय, पण मॉन्स्टेरा तिथे दुसऱ्या झाडाच्या खोडावर चढतो, पाणी येतं नि वाहून जातं. कुंडीत ते जाणार कुठे? मातीतल्या पोकळ्या सतत पाण्याने भरलेल्या राहिल्या की मुळांना ऑक्सिजन मिळत नाही, ती कुजतात, कुजलेल्या मुळांना पाणी ओढता येत नाही म्हणून पानं माना टाकतात, आणि आपल्याला वाटतं तहानलंय बिचारं, की ओत अजून. माझी पीस लिली अशीच गेली. कुंडीतून काढली तर मुळं तपकिरी, जरा ओढलं की साल सुटून हातात आणि आत नुसता दोरा, वासाचं तर बोलूच नका. त्यापेक्षा बोट दोन पेरं मातीत खुपसा, ओलं लागलं तर झारी ठेवून द्या, कोरडं लागलं तर खालच्या भोकातून येईपर्यंत घाला आणि बशीतलं ओतून टाका. खिडकीजवळचं झाड आणि कोपऱ्यातलं झाड सारखं पाणी पीतच नाही, मग कपाचं माप कसलं?

स्प्रेने दमटपणा वाढतो तो काही मिनिटं, पानं सुकली की संपलं. हौस म्हणून मारा, पण हवा खेळत नसेल तर पानांवर डाग पडतात. खरंच कोरडी हवा असेल तर ह्युमिडिफायर लावा.

तेल? धूळ चिकटते. ओलं फडकं पुरतं.

आता नासा. 1989 चा तो रिपोर्ट खराय, पण प्रयोग छोट्या बंद पेट्यांमधले होते, तुमच्या हॉलमधले नाहीत. 2019 मध्ये असे बरेच प्रयोग एकत्र तपासून हिशोब मांडला गेला, तर इमारतीत एरवी जी हवा आतबाहेर होते तिची बरोबरी करायला दर चौरस मीटरला 10 ते 1000 झाडं लागतील म्हणे! पलंग कुठे ठेवणार मग? पडदा सरकवा आणि खिडकी उघडा, झाडालाही जरा उजेड मिळेल.