वाचनालयाचा दरवाजा वीतभर कुजलाय, अख्खा नाही

आमच्या गावच्या वाचनालयाचा दरवाजा काढून तिथं ॲल्युमिनियमचा, काचेचा बसवायचं चाललंय. कोटेशनही आलंय. इमारत शंभरी ओलांडलेली आणि ही दोन सागवानी कवाडं तिच्याइतकीच जुनी.

दरवाजा खाली कुजलाय, पावसाळ्यात अडकतो, म्हाताऱ्या वाचकांना ढकलवत नाही. तिन्ही तक्रारी खऱ्या आहेत. पहिल्या सभेत मीही नव्या दरवाजाच्या बाजूनं हात वर केला होता, याचं मला आता फार वाईट वाटतं.

गेल्या आठवड्यात ओळखीच्या सुतारकाकांना घेऊन गेले. त्यांनी टोचा घेऊन कवाड खालपासून वरपर्यंत टोचून पाहिलं. खालची वीतभर मऊ, भुसभुशीत. त्याच्यावर टोचा आत शिरेना! उभ्या लाकडाचं खालचं टोक सगळ्यात जास्त पाणी पितं, हे त्यांनी दाखवलं. आणि पाणी येतं कुठून? वरची पन्हाळ फुटलीय, तिची धार थेट पायरीवर पडते आणि दारावर उडते. त्यात वर्षानुवर्षं खरवडल्याशिवाय फासलेले ऑइलपेंटचे थर. आत गेलेलं पाणी बाहेर पडायला वाटच नाही. अडकण्याचं कारण तर आणखी साधं: वरच्या बिजागरीचे स्क्रू ढिले झालेत, कवाड खाली बसलंय आणि फरशीला घासतंय.

म्हणजे पन्हाळ बदला, रंग उतरवा, बिजागरी घट्ट करा, कुजलेला भाग कापून तिथं जुन्या सागाचा तुकडा जोडा. पाडलेल्या वाड्यांचं लाकूड विकणाऱ्यांकडे तसा साग मिळतो. हा जोड दिसेल, हे मान्य. दिसू दे की. १९६४ सालच्या व्हेनिस सनदेत, म्हणजे जगभर वास्तुजतनाचा आधार मानल्या गेलेल्या दस्तऐवजात, हेच म्हटलंय: नवा भाग जुन्याशी मिळताजुळता असावा, पण नवा म्हणून ओळखूही यावा.

दरवाजा बदलायचाच नाही, असं माझं म्हणणं नाही. गेल्या काही वर्षांत दुर्गप्रेमी मंडळींनी कितीतरी गडांवर नवे सागवानी दरवाजे बसवले. तिथं कमानी उघड्या पडल्या होत्या, जुनं काही उरलंच नव्हतं. त्या पोरांनी अवजड फळ्या खांद्यावरून गडावर चढवल्या, ते बघून माझे डोळे भरून आले होते. आपल्याकडे तर दरवाजा जागेवर उभा आहे. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजावरचे अणकुचीदार खिळे पाहिले की हत्तीची धडक समजते, दिंडी, म्हणजे मोठ्या कवाडातलं छोटं दार, पाहिली की एकेका माणसाला वाकून आत घेण्याची रीत समजते. आपल्या दरवाजावर कडीखाली, हात लागून लागून गुळगुळीत झालेला खोलगट भाग आहे. किती वाचकांचे हात असतील ते!

म्हाताऱ्यांची अडचण मात्र मी बाजूला सारणार नाही. उंबरठ्याला दोन्हीकडून लाकडी उतार करावा आणि वाचनालयाच्या वेळेत दोन्ही कवाडं उघडी ठेवून मागं अडकवावीत. उजेड हवा म्हणून काच हवी, असंही काहीजण म्हणतात. आधी दरवाजावरच्या झरोक्याला ठोकलेला पत्रा काढून बघू या.

सभा रविवारी सकाळी दहा वाजता आहे. सुतारकाका येणार आहेत, सोबत त्यांचा अंदाजखर्चही असेल. सभासद असाल तर कृपा करून या, आणि आत शिरण्याआधी कडीखाली एकदा हात लावून बघा.