जेवल्याशिवाय जाऊन दाखवा

सोमवारी युनिट टेस्ट आहे हे आमच्या चिरंजीवांना रविवारी रात्री साडेआठला आठवतं. आत तांबडा रस्सा उकळत होता, मटणाच्या वासानं माझं निम्मं लक्ष तिकडं, आणि हे वही घेऊन पुढ्यात हजर. "पप्पा, टाइप्स ऑफ सेंटेन्सेस." शाहू महाराजांनी १९१७ साली संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. बापानंही परत चौथीत बसावं, असं काही त्यात नव्हतं.

प्रकार चारच. असर्टिव्ह म्हणजे सरळ सांगणं, इंटरॉगेटिव्ह म्हणजे प्रश्न. एक्स्क्लमेटरी म्हणजे उद्गार. सुरुवात 'व्हॉट' किंवा 'हाऊ'नं, पण प्रश्नासारखी उलटापालट नाही. 'व्हॉट अ ब्यूटिफुल लेक इट इज!' यात 'इट' आधी, 'इज' नंतर. इम्परेटिव्हमध्ये आज्ञा, विनंती, सल्ला सगळं येतं आणि 'यू' हा कर्ता लपलेला असतो. आमच्या घरी तो बहुतेक वेळा मीच असतो आणि लपून काही उपयोग होत नाही.

"पप्पा, मघाशी आई म्हणाली, 'उठतोस का येऊ तिकडं?' ते इंटरॉगेटिव्ह?"

शेवटी प्रश्नचिन्ह आहे खरं. पण त्याचं उत्तर देत बसलेला माणूस मी अजून बघितलेला नाही.

"इंग्रजीतबी असतंय तसं," मी म्हणालो. "'कॅन यू पास द सॉल्ट?' दिसायला प्रश्न, पण मागतोय मीठ. 'येस, आय कॅन' म्हणून बसून राहिलास तर मार खाशील."

"मग पेपरात काय लिहू?"

"इंटरॉगेटिव्ह. मार्क घे आणि गप्प बस."

"आणि मीठ?"

असर्टिव्ह तरी सोपं जाईल असं वाटलं होतं. पण आमच्या गावात साधं विधान करायची पद्धतच नाही. 'पंचगंगेचं पाणी चढलंय' हे एवढंसं वाक्य कोपऱ्यावर कुणी बोललं, की भांडण लागलं समजून निम्मी गल्ली गॅलरीत येते.

तेवढ्यात शेजारचे आबा पेपर परत द्यायला आले. पेपर टेबलावर ठेवला, पण चप्पल काही घातली नाही, नाक स्वयंपाकघराकडं.

"आबा, जेवूनच जावा," मी म्हणालो.

"नको नको, घरी केलंय."

आतनं आईचा आवाज आला, "जेवल्याशिवाय जाऊन तर दाखवा!"

पेन्सिल वर आली. "पप्पा, इम्परेटिव्ह! पण ऑर्डर का रिक्वेस्ट?"

"धमकी."

"ते पुस्तकात न्हाई."

आबा तोवर बाह्या सारून पाटावर बसले होते. पांढऱ्या रश्श्याची वाटी तोंडाला लावली, एका दमात संपवली आणि डोळे मिटून म्हणाले, "लई भारी!"

"बघ, हे एक्स्क्लमेटरी," मी घाईघाईनं म्हणालो. माझंही ताट आलं होतं.

पोरानं आबांकडं बघितलं, वहीकडं बघितलं आणि विचारलं, "आबा, ह्यात व्हर्ब कुठाय?"