ऑस्कर वाइल्डच्या नावावर काहीही खपवू नका

आज सकाळपासून तिसऱ्यांदा तेच चित्र आलं. सूर्योदय, ‘तुम्ही तुमच्यासारखेच राहा’ छापाचं वाक्य आणि खाली नाव, आयरिश लेखक ऑस्कर वाइल्डचं. अहो, त्याच्या कुठल्याही पुस्तकात हे वाक्य नाही! ज्यांनी पाठवलं त्यांनी त्याचं एक पान तरी वाचलंय का?

दुसरीत असताना मला टायफॉइड झाला होता. आई रात्री उशाशी बसून लोकांच्या साड्यांना फॉल लावायची आणि सुखी राजपुत्राची गोष्ट सांगायची. राजपुत्राचा पुतळा चिमणीला म्हणतो, माझ्या तलवारीतलं माणिक त्या शिवणाऱ्या बाईला नेऊन दे. तिचं पोर तापाने फणफणलंय, संत्री मागतंय, आणि तिच्याकडे नदीच्या पाण्याशिवाय काही नाही. इथे आईची सुई थांबायची. (मूळ गोष्टीत पाकोळी आहे. माझ्यासाठी ती चिमणीच.) लेखक कोण, हे आईला ठाऊक नव्हतं.

ही गोष्ट वाइल्डचीच, १८८८ची. १८९५मध्ये त्याचं ‘अर्नेस्ट’ हे नाटक लंडनमध्ये रंगलेलं असताना पुरुषांशी संबंध ठेवले म्हणून त्याला अटक झाली, आणि पुढे दोन वर्षं सक्तमजुरी. अटकेनंतर नाटक आणखी काही दिवस चालवलं, पण जाहिरातीतून लेखकाचं नाव पुसलं! स्वतःच्या नाटकावर नाव नाही आणि आज भलत्याच वाक्याखाली आहे. संताप होतो.

पहिली फिर्याद, अब्रुनुकसानीची, त्यानेच केली होती, मान्य. बायको-मुलांची फरफट झाली, तेही मान्य. दोन्ही मुलगे त्याला पुन्हा कधी भेटले नाहीत.

रेडिंगच्या तुरुंगात तो होता सी.३.३. १८९८ची तुरुंगावरची दीर्घ कविताही याच नंबराने छापली गेली. आणि १८९७मध्ये सुटल्यावर लगेच त्याने वर्तमानपत्राला पत्र लिहिलं, ते कशाबद्दल? तुरुंगातल्या एका भुकेल्या लहान मुलाला बिस्किटं दिली म्हणून मार्टिन नावाच्या पहारेकऱ्याला काढून टाकलं, त्याबद्दल. हे वाचलं तेव्हा मला आईची थांबलेली सुई आठवली. तापलेलं पोर लिहिणारा आणि हे पत्र लिहिणारा माणूस एकच आहे हो.

रागाच्या भरात आत्ता आईला फोन केला. गोष्ट तिला आठवत होती. म्हणाली, “त्या पोराला संत्री मिळाली ना गं शेवटी?”

पुस्तक काढून पाहिलं. चिमणी माणिक टेबलावर ठेवते, पोराच्या कपाळावर पंखांनी वारा घालते, त्याला झोप लागते. संत्र्यांचं पुढे काही नाही.

आईला सांगितलं, मिळाली.