मुंबईत पोचलो की टाकतो!

अमेरिकेत एमएस करताय आणि डिसेंबरात घरी निघालाय? अभिनंदन. फायनल प्रोजेक्टची तारीख ऑगस्टपासून सिलॅबसवर छापलेली असते, पण तिकीट काढताना सिलॅबस उघडतो तो भित्रा. दोनशे डॉलर वाचतात ना? मग मुदतीच्या दिवशीचंच विमान घ्या.

थँक्सगिव्हिंगची सुट्टी प्रोजेक्टसाठी नसतेच, ती बॅगांसाठी असते. दोन बॅगा, प्रत्येकी २३ किलो. कॉस्टकोचे बदाम, मावशीची लोशनं, काकांच्या व्हिटॅमिनच्या बाटल्या. हुकाला अडकवून तोलायच्या काट्यावर एक बॅग २३.४ भरली की पिस्त्यांची पिशवी दुसरीत टाका, मग दुसरी २३.६ भरते. रात्रीचे दोन आरामात वाजतात.

आय-२० या विद्यापीठाने दिलेल्या व्हिसाच्या कागदावरची प्रवासाची सही निघायच्या आदल्या दिवशी आठवावी.

क्लस्टरवर, म्हणजे विद्यापीठाच्या सामाईक मोठ्या सर्व्हरांवर, मॉडेल ट्रेन करायचा जॉब शेवटच्या आठवड्यातच लावा, तेव्हा सगळं विद्यापीठ रांगेत असतं. आठ तासांच्या ट्रेनिंगला चार तासांची मर्यादा द्या आणि चेकपॉइंट, म्हणजे तोवर झालेलं ट्रेनिंग, साठवू नका. चार तास झाले की जॉब मरेल आणि दोष सर्व्हरवर ढकलता येईल.

वेळेचा हिशेबही सोयीचा आहे. न्यूयॉर्कची रात्रीची ११:५९ म्हणजे मुंबईत दुसऱ्या दिवशीचे सकाळचे १०:२९. साडेदहा तास फुकट मिळाले की! प्रत्यक्षात मुदत विमानातच संपते, हा तपशील झाला. पोचल्यावर भारतातलं सिम घातलं की लॉगिनचा कोड जुन्या नंबरावर जात राहतो. ॲपमधला कोड नेटशिवायही निघतो, पण ते ॲप लावायला सप्टेंबरात वेळ कुणाला होता?

‘इन्कम्प्लीट’, म्हणजे ग्रेड पुढे ढकलून वाढीव मुदत, मागायची मेल बोर्डिंगच्या रांगेतून करावी. कारण ‘फॅमिली इमर्जन्सी’ लिहावं, चुलतभावाचं लग्न मे महिन्यापासून ठरलेलं असलं तरी.

आता ग्रुप प्रोजेक्ट. चौघांत तुम्ही डेटा साफ करायचं काम मागून घ्या, म्हणजे तुमचं झाल्याशिवाय बाकीच्यांचं पान हलत नाही. तीन आठवडे ‘होतंय रे’, मग ‘आज रात्री पुश करतो’, म्हणजे गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर चढवतो. शेवटी विमानतळावरून एकच कमिट (बदलांची नोंद), नाव ‘फायनल चेंजेस’. त्यात १८० एमबीची डेटाची सीएसव्ही फाइल. गिटहब १०० एमबीच्या वरची फाइल घेत नाही. मग फाइल डिलीट करून पुन्हा कमिट करायचं आणि पुन्हा नकार खायचा, कारण ती जुन्या कमिटमध्ये बसलेलीच असते. इतिहासातून ती काढायला दहा मिनिटं लागतात, पण बोर्डिंग सुरू झालंय, म्हणून झिप ड्राइव्हवर टाकून लिंक पाठवायची. लिंक उघडली की ‘ॲक्सेस मागा’. कुणाकडे मागायचा? साहेब फ्लाइट मोडवर! दुसऱ्या दिवशी परवानगी मिळतेच, तर नोटबुकमध्ये, म्हणजे कोडच्या फाइलमध्ये, डेटाचा पाथ कुठला? सी ड्राइव्ह, युजर्स, तुमचं नाव, डाउनलोड्स, म्हणजे फक्त तुमच्याच लॅपटॉपवरचा. सेल, म्हणजे कोडचे तुकडे, उलटसुलट चालवलेले, सत्तेचाळीस नंबरच्या खाली बारा. रीस्टार्ट करून सगळं चालवलं की तिसऱ्याच सेलला मान टाकतं. आणि कर्जदारांच्या डेटात जिथे वय भरलेलं नव्हतं तिथे शून्य! शून्य वर्षांचे दोनशे कर्जदार! सरासरी खाली, आलेख चुकीचे, त्यावर लिहिलेला रिपोर्ट कचऱ्यात. बाकीचे तिघं पहाटे चारला रॉ डेटापासून पुन्हा सुरुवात करतात.

अरे, तिकीट तुझं एकट्याचं होतं, ग्रेड चौघांची होती. जीपीए, म्हणजे ग्रेडची सरासरी, तीनच्या खाली गेला की प्रोबेशन, म्हणजे विद्यापीठाची ताकीद, लागतं, ठाऊक आहे ना? त्या तीनवर एकीची फी भरणारी असिस्टंटशिप लटकलीय, तिची फी तू भरणारेस का? घरी जाऊ नको म्हटलं होतं का कुणी? नोव्हेंबरात एका शनिवारी चार तास बसला असतास तर झालं असतं. निदान ‘जमत नाही’ म्हणाला असतास, तर वाटून घेतलं असतं आम्ही. ते नाही. उलट दादरच्या वडापावचा फोटो स्टोरीला टाकायला नेट होतं तुझ्याकडे. ड्राइव्हवर तीन रिक्वेस्ट अजून पडून आहेत. आत्ता फोन काढ आणि ॲक्सेस दे.