एकवीस विजेतेपदे नेमकी कोणाची?

ऑगस्टच्या दुसऱ्या शनिवारी इंडियानापोलिसच्या लुकास ऑइल स्टेडियममध्ये ड्रम कोअरची अंतिम फेरी संपली, की आमच्या ओळखीच्या बँडवाल्या मंडळींत एक चर्चा हमखास सुरू होते. ब्लू डेव्हिल्स जिंकले असतील तर "पुन्हा तेच", आणि हरले असतील तर "चला, एकदाची साखळी तुटली". १९७६ पासून २०२३ पर्यंत या एका संघाच्या नावावर ड्रम कोअर इंटरनॅशनलची, म्हणजेच डीसीआयची, २१ विजेतेपदे जमा आहेत, त्यामुळे ही चिडचिड मला समजते. मात्र तिच्यामागे एक समजूत गृहीत धरलेली असते, ती मला पटत नाही. क्रिकेट किंवा टेनिसमध्ये आपण ज्या अर्थाने वर्चस्व म्हणतो, त्या अर्थाचे वर्चस्व या स्पर्धेत संभवतच नाही. इथली विजयमालिका मैदानावर वाजवणाऱ्या मुलांची नसते. ती त्यांच्यामागे उभ्या असलेल्या मोठ्या माणसांची असते, आणि तिचे कौतुक असो वा तिच्यावर टीका, दोन्ही त्यांच्याच दारात नेऊन ठेवायला हवे.

ज्यांना हा प्रकार परिचित नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. अमेरिकन फुटबॉलच्या मैदानावर जास्तीत जास्त १६५ तरुण-तरुणी पितळी वाद्ये आणि तालवाद्ये वाजवत सुमारे अकरा-बारा मिनिटांचा कार्यक्रम सादर करतात. वाजवता वाजवताच ते पायांनी मैदानावर आकृत्या रचतात, मोडतात, पुन्हा रचतात, आणि त्यांच्या जोडीला झेंडे, लाकडी रायफली नि तलवारी फिरवणारे कलर गार्डचे पथक असते. बासरी, क्लॅरिनेट, सॅक्सोफोन यांना इथे जागा नाही. गुण शंभरपैकी दिले जातात: ४० एकूण परिणामाला, ३० दृश्य अंगाला आणि ३० संगीताला. वयाची अट कडक आहे. बाविशीच्या आसपास मुलाला संघ सोडावाच लागतो, आणि त्या निरोपाला सगळे "एज-आउट" म्हणतात.

सगळी मेख या वयाच्या अटीत आहे. एखादा मुलगा एका संघात फार तर चार-पाच उन्हाळे काढतो, बहुतेकांच्या वाट्याला दोन-तीनच येतात. म्हणजे २०१४ साली ब्लू डेव्हिल्सने इटालियन दिग्दर्शक फेलिनीच्या चित्रपटविश्वावर बेतलेला कार्यक्रम करून ९९.६५ गुण मिळवले, हंगामात एकदाही हार पत्करली नाही आणि डीसीआयच्या इतिहासातला गुणांचा उच्चांक केला, तेव्हा त्या मुलांपैकी बरीचशी २०१७ च्या विजेतेपदाच्या वेळी प्रेक्षकांत बसलेली होती. पुण्यात पुरुषोत्तम करंडक पाहिलेल्यांना हे वेगळे सांगायला नको: विद्यार्थी दर दोन-तीन वर्षांनी बदलतात, तरी ठरावीक महाविद्यालयांचे नाव निकालात येतच राहते, कारण तालमीच्या खोलीतली शिस्त आणि माजी विद्यार्थ्यांची ये-जा काही पदवी घेऊन बाहेर पडत नाही.

आता सलग विजयांचा हिशेब पाहू, कारण तो सर्वसाधारण समजुतीपेक्षा बराच वेगळा आहे. डीसीआयचे पहिले अजिंक्यपद १९७२ साली विस्कॉन्सिनमधल्या व्हाइटवॉटर इथे झाले. तेव्हापासून आजवर एकाही संघाला सलग चार वर्षे ते जिंकता आलेले नाही. सलग तीनदा जिंकणारा पहिला संघ न्यू जर्सीचा गारफील्ड कॅडेट्स, १९८३ ते १९८५. त्यानंतर इलिनॉयच्या कॅव्हेलियर्सनी २००० ते २००२ अशी तीन वर्षे साधली, पण त्यातले पहिले विजेतेपद त्यांना कॅडेट्सबरोबर वाटून घ्यावे लागले. ब्लू डेव्हिल्सच्या बाबतीत मोजणाऱ्याच्या स्वभावावर उत्तर अवलंबून आहे. ते २०१९, २०२२ आणि २०२३ मध्ये जिंकले आणि मधल्या दोन वर्षांत साथीमुळे अजिंक्यपदाची स्पर्धाच झाली नाही. झालेल्या स्पर्धा मोजल्या तर ही तिहेरी मालिका आहे, दिनदर्शिका पाहिली तर नाही. मी ती मोजते, पण त्यावरून कोणाशी भांडायला जाणार नाही.

माझ्या मते त्यांचा खरा पराक्रम विजयांच्या यादीत दिसतच नाही. १९७५ पासून आजवर हा संघ अंतिम क्रमवारीत पाचव्या स्थानाच्या खाली कधीही घसरलेला नाही. या काळात मुलांच्या कितीतरी पिढ्या आल्या नि गेल्या. बिगुलांची जागा नव्या पट्टीच्या वाद्यांनी घेतली, ध्वनिवर्धक आले, इलेक्ट्रॉनिक वाद्ये आली, गुणांकनाची पद्धत मुळापासून बदलली. एवढ्या उलथापालथीत एकदाही वाईट वर्ष न येणे मला २१ विजेतेपदांपेक्षा अधिक थक्क करते.

मोठ्या माणसांचा हात किती असतो, याचा सर्वांत बोलका दाखला मैदानावरच्या रचना आखणाऱ्या जॉर्ज झिंगाली यांचा आहे. १९८३ पर्यंत या स्पर्धेत "टिक" पद्धत होती. परीक्षक पाटी-पेन्सिल घेऊन मैदानात हिंडत आणि दिसलेल्या प्रत्येक चुकीला एक खूण करत, प्रत्येक खुणेला गुण वजा होत. साहजिकच शहाणे संघ जपून चालत. रचना सममित ठेवायची, वेग बेताचा ठेवायचा आणि चुकायला वावच ठेवायचा नाही, हा त्या काळातला व्यवहार होता. झिंगालींनी गारफील्डच्या मुलांसाठी याच्या अगदी उलट रचना केल्या. रेषा तिरक्या धावत, आकृत्या वितळत, आणि इंग्रजी झेड अक्षरासारखी ताणत जाणारी ती प्रसिद्ध "झेड-पुल" पाहताना आजही, जुन्या धूसर चित्रफितीतसुद्धा, आता कोणीतरी कोणावर आदळणार असे वाटत राहते. टिक पद्धत चालू असतानाच, १९८३ मध्ये, ते जिंकले. १९८४ पासून ती पद्धत गेली आणि जोखीम पत्करणाऱ्यांना मैदान मोकळे झाले. पुढे हेच झिंगाली इंडियानातल्या ब्लूमिंग्टनच्या स्टार ऑफ इंडियानाकडे गेले. तो संघ १९८५ मध्ये पहिल्यांदा मैदानात उतरला होता आणि १९९१ मध्ये विजेता झाला. त्या वर्षीच्या कार्यक्रमाच्या शेवटी एक क्रूस विस्कटतो आणि त्याच माणसांतून दुसरा क्रूस उभा राहतो, ती रचना त्यांचीच. मुले वेगळी, राज्य वेगळे, गणवेश वेगळा, पण आखणाऱ्याचा हात तोच होता.

अलीकडचे उदाहरण हवे असेल तर बॉस्टन क्रुसेडर्स पाहा. २०१६ मध्ये हा संघ बाराव्या स्थानावर होता. त्या हंगामानंतर त्यांनी शिक्षक आणि रचनाकारांची फळी मोठ्या प्रमाणावर बदलली. पुढच्याच वर्षी ते सहावे आले आणि २०२५ मध्ये आपले पहिले डीसीआय विजेतेपद घेऊन गेले. संघाची स्थापना १९४० ची आहे, हे लक्षात घेतले म्हणजे ही नऊ वर्षे किती वेगाची होती ते कळेल. उलट दिशेचे उदाहरण कॅव्हेलियर्सचे. २००० ते २००६ या सात वर्षांत त्यांनी पाच विजेतेपदे मिळवली, २००२ मध्ये ९९.१५ गुणांपर्यंत पोहोचले, आणि २००६ नंतर त्यांच्या खात्यात एकही विजेतेपद नाही. त्या काळातला रचनाकारांचा चमू पांगला आणि दबदबाही ओसरला.

ब्लू डेव्हिल्सकडे हे पांगणे फार कमी झाले. वेन डाउनी यांनी सत्तरच्या दशकापासून अनेक दशके त्यांच्या पितळी वाद्यांचे संगीत लिहिले आणि बसवले. स्कॉट जॉन्सन यांनी तालवाद्यांची बाजू तशीच दीर्घकाळ सांभाळली. कॅलिफोर्नियातल्या कॉन्कर्डच्या या संस्थेचे स्वतःचे कनिष्ठ संघ आहेत, त्यामुळे शाळकरी मुले लहान वयापासून त्याच पद्धतीने चालायला आणि वाजवायला शिकतात. पैशांसाठी संस्थेने वर्षानुवर्षे बिंगोचे खेळ चालवले, ही बाब काहींना हास्यास्पद वाटेल, पण त्या उत्पन्नावर पगार वेळेवर होतात आणि पगार वेळेवर झाले की शिक्षक टिकतात. आम्ही बे एरियात राहत असल्यामुळे त्यांचा सराव पाहायची संधी मिळाली आहे. ध्वनिवर्धकातून मेट्रोनोम टकटकत असतो, आठ ठोक्यांची एकच हालचाल पुन्हा पुन्हा होते, आणि प्रत्येक वेळी मनोऱ्यावरून फार तर एक वाक्य येते. आरडाओरडा मी कधी ऐकला नाही. वाक्य संपताच सगळी मुले पळत आपापल्या जागी परततात. हे शिक्षकाने शिकवावे लागत नाही, शेजारी उभा असलेला जुना मुलगा पळतो म्हणून नवाही पळतो.

परीक्षकांविषयीचा आक्षेप टाळून चालणार नाही. "नाव पाहून गुण देतात", असे सर्रास म्हटले जाते. २०१२ मध्ये 'दादा' नावाच्या युरोपीय कलाचळवळीवर आधारलेला, अनेकांच्या डोक्यावरून गेलेला कार्यक्रम करून ब्लू डेव्हिल्स जिंकले, तेव्हा तर हा सूर टिपेला पोहोचला होता. नावाचा थोडाफार प्रभाव पडत असेलही, परीक्षक शेवटी माणसेच आहेत. पण नावावरच सारे ठरत असते तर २००८ घडलेच नसते. रॉकफर्डच्या फँटम रेजिमेंटने रोमविरुद्ध बंड करणाऱ्या गुलाम स्पार्टाकसची कथा मांडली, मुले "मी स्पार्टाकस" म्हणून ओरडू लागली, प्रेक्षक त्यांच्यात सामील झाले, आणि त्यांनी ब्लू डेव्हिल्सना ०.०२५ गुणांनी मागे टाकले. २०१३ मध्ये कॅरोलायना क्राउन, २०१६ मध्ये ब्लूकोट्स आणि २०२५ मध्ये बॉस्टन हे तिघेही पहिल्यांदाच जिंकले. ज्या स्पर्धेत बारा-तेरा वर्षांत तीन नवे विजेते निघतात, तिला मक्तेदारी म्हणणे मला जड जाते.

मला काळजी वाटते ती वेगळ्या गोष्टीची. सत्तरच्या दशकात अमेरिकेत गावोगावी असे शेकडो संघ होते. आज सर्वोच्च गटात वीस-बावीस उरले आहेत, आणि त्यांतल्या वरच्या संघात एक उन्हाळा घालवायला मुलाला पाच-सहा हजार डॉलर मोजावे लागतात. गावाची मुले गावाच्या संघात, ही पद्धत केव्हाच मागे पडली. चांगला वाजवणारा मुलगा टेक्सासचा असला तरी ऑडिशन कॅलिफोर्नियात देतो, मग खालच्या संघाने तीन वर्षे घडवलेला वादक शेवटच्या वर्षी पदकासाठी वर निघून जातो. त्या मुलाला दोष देता येत नाही, त्याच्या हातात एकच उन्हाळा उरलेला असतो. यावर उपाय म्हणून विजेत्यांवर बंधने घालावीत असे कोणी सुचवले, तर माझा विरोध राहील, कारण त्याने खालचा संघ एक पायरीही वर येणार नाही.

शिवाय विजेतेपदे संस्थेला वाचवतही नाहीत. सँटा क्लारा व्हॅनगार्ड २०१८ मध्ये एकोणीस वर्षांच्या प्रतीक्षेनंतर जिंकला आणि २०२३ चा हंगाम त्याला आर्थिक अडचणींमुळे बाहेर बसून काढावा लागला. कॅडेट्सची गोष्ट याहून गंभीर आहे. दहा विजेतेपदे मिळवलेला, १९३४ पासून चालत आलेला हा संघ २०२४ च्या वसंतात बंद पडला. त्यामागे ऐंशीच्या दशकातल्या कथित लैंगिक अत्याचारावरून दाखल झालेला दावा होता. त्याआधी २०१८ मध्ये अनेक महिलांनी केलेल्या आरोपांनंतर त्यांच्या संचालकाला पद सोडावे लागले होते. विजयमालिका मोठ्यांची आहे असे म्हटल्यावर त्या मालिकेच्या आडोशाने त्यांच्या हाती एकवटलेल्या सत्तेचाही जाब त्यांनाच विचारायला हवा. गुणतक्त्यात त्यासाठी रकाना नाही. जिंकणाऱ्या संचालकाला प्रश्न विचारायचे धाडस त्या काळी फार थोड्यांना झाले, आणि त्याची किंमत एकविशीतल्या मुलांनी मोजली, ज्यांच्या हाती ना नियुक्त्या होत्या ना हिशेब.

माझा भाचा पुढच्या वर्षी ऑडिशनला जायचे म्हणतो आहे आणि कोणता संघ निवडू, असे त्याने मला विचारले आहे. विजेतेपदांची यादी त्याला तोंडपाठ आहेच. मी त्याला एवढेच सांगितले आहे की शिक्षकांपैकी किती जण तिथे पाच वर्षांहून अधिक काळ आहेत ते विचार, आणि काही वावगे घडले तर संस्थेबाहेरच्या कोणाकडे तक्रार करता येते तेही विचार. दुसऱ्या प्रश्नावर जो संघ गडबडेल, तो कितीही वेळा जिंकलेला असला तरी त्याची फी मी भरणार नाही.